खर्रा, कर्करोग आणि वीस मिलिग्रॅम

आपल्या नागपुरात खर्ऱ्याची पुडी मागायला कुणी लाजत नाही. तोंड उघडेनासे झाले, गालातली जखम भरेना, की मग मात्र माणूस आमच्यासारख्या कर्करोगतज्ज्ञाकडे येतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी हे जुने तीन मार्ग. त्यानंतर अलीकडे नातेवाईक हटकून विचारतात, ‘‘डॉक्टरसाहेब, ते नवं इंजेक्शन चालेल का?’’

‘नवं’ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. पहिली टार्गेटेड थेरपी, म्हणजे लक्ष्यवेधी उपचार. केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या पेशींवर सरसकट घाव घालते. हे औषध पेशीतला नेमका बिघाड हेरते. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, सीएमएलमध्ये, एक सदोष प्रथिन पेशींना सतत वाढायला लावते. इमॅटिनिबची गोळी ते प्रथिन बंद पाडते. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात होता. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त भारतीय गोळीचा मार्ग मोकळा राहिला.

दुसरी इम्युनोथेरपी. आपल्या शरीरातल्या टी-पेशी म्हणजे राखणदार. त्यांनी अतिरेक करू नये म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेक दिला आहे. कर्करोग नेमका तोच ब्रेक दाबून धरतो. निव्होलुमॅबसारखे औषध तो सोडवते. असे ब्रेक सोडवून कर्करोगावर उपचार करण्याच्या शोधासाठी अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले.

अडचण किमतीची. म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलमधला अभ्यास मला आपल्या विदर्भासाठी मोलाचा वाटतो. डोके व मानेचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांवर तो झाला. सर्वांना तीन गोळ्या दिल्या. त्यांतली एर्लोटिनिब ही लक्ष्यवेधी. निम्म्यांना जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम! २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के हयात होते. इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के.

आकडा नीट ऐका. निम्म्याहून अधिक रुग्ण तरीही गेले. ही जादू नव्हे. ब्रेक सुटलेले राखणदार कधी फुफ्फुस, आतडे, थायरॉइड यांवरही उलटतात. म्हणून दम लागला, जुलाब लागले तर त्याच दिवशी कळवा. आणि प्रत्येक गाठीला प्रत्येक औषध लागू पडत नाही. तपासणीत लक्ष्यच सापडले नाही तर लक्ष्यवेधी गोळी काय कामाची?

म्हणून शेत विकण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हे औषध माझ्या आजाराला लागू आहे का? त्याने आजार बरा होईल, की आयुष्य वाढेल? कमी मात्रेचा किंवा स्वस्त पर्याय आहे का? हे विचारण्यात संकोच कसला? तो तुमचा हक्क आहे.

आणि तोंडातला पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर आजच दाखवा. तेव्हा बहुधा शस्त्रक्रियेनेच काम भागते, वीस मिलिग्रॅमचीही गरज पडत नाही.