‘पहा’ म्हटले, तर दिसले पाहिजे



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही मंडळी मनातून धास्तावली असतील. संगणकाच्या भाषेचा माहितीग्रंथ, त्यातले आपसांतले संदर्भ आणि त्या संदर्भांची दुरुस्ती! वैशाखाच्या उकाड्यात हे कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण आमचे म्हणणे असे की, हा विषय आसनगावकरांना जितका चटकन समजेल तितका दुसऱ्या कोणाला समजणार नाही.

मुंबईचा पाहुणा प्रथमच शहापूरला यायला निघाला, की कल्याण–कसारा मार्गावरच्या स्थानकांत शहापूर शोधतो. ते त्याला सापडत नाही. मग आपण त्याला सांगतो, “अहो, आसनगावला उतरा.” कोशाच्या भाषेत सांगायचे तर ‘शहापूर : पहा आसनगाव’. बरे, शहापूर तरी एकच आहे काय? बेळगावातही शहापूर आहे. तेव्हा नुसते नाव सांगून भागत नाही, कोणते शहापूर तेही सांगावे लागते. आमच्या सगळ्या विषयाचे बीज एवढ्यातच आहे.

दुसरे उदाहरण घरोघरचे आहे. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक असतात. तो क्रमांक म्हणजे ‘ही नोंद का झाली ते गाव नमुना सहामध्ये पहा’ अशी खूणच होय. नक्कल करताना त्यातला एक आकडा चुकला, तर शोधणारा भलत्याच फेरफारापाशी पोचतो. आकडा एवढासा, पण त्यात एखाद्या बहिणीचा हिस्सा अडकलेला असतो. म्हणूनच १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत लेखनातल्या चुका सुधारण्यासाठी कलम १५५ स्वतंत्रपणे घातलेले आहे.

ग्रंथांतही हेच चालते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात नोंदीच्या शेवटी ‘पहा’ असते आणि मजकुराच्या मध्येही बाणाची खूण करून दुसऱ्या नोंदीकडे वाट दाखविलेली असते. पहिल्या खंडात ‘पहा’ लिहिणाऱ्याने पुढे कित्येक वर्षांनी निघणाऱ्या खंडाच्या वतीने वाचकाला शब्द दिलेला असतो. पुढे त्या नोंदीचे नाव बदलले, तर तो शब्द खोटा पडतो.

आता संगणकाकडे वळू. रस्ट नावाची एक संगणक-भाषा आहे. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ साली निघाली. अशा प्रत्येक भाषेबरोबर तयार साधनांची एक पेटी येते. कोणते साधन काय घेते, काय देते आणि चुकले तर काय होते, हे सांगणारा ग्रंथही तिच्याबरोबर येतो. एका साधनाचे वर्णन वाचताना दुसऱ्याचे नाव येते. त्या नावावर बोट ठेवले की त्याचे पान उघडावे, अशी योजना असते.

पूर्वी या योजनेत लेखकाला समोरच्या पानाचा पत्ता हाताने लिहावा लागे : दोन पायऱ्या वर जा, अमुक कप्प्यात शिरा, तमुक पान उघडा. यात दोन दोष होते. एक, साधन दुसऱ्या कप्प्यात हलविले की पत्ता खोटा ठरे. दुसरा दोष अधिक अवघड होता. या भाषेच्या पेटीत ‘कोअर’ नावाचा एक गाभा आहे आणि ‘एसटीडी’ नावाची मोठी पेटी आहे. गाभ्यातली पुष्कळ साधने मोठ्या पेटीतही मांडून दाखविलेली असतात आणि त्यांचे वर्णन दोन्हीकडे तेच छापले जाते. मग एका ठिकाणाहून बरोबर असलेला पत्ता दुसऱ्या ठिकाणाहून चुकतो. कल्याणहून येणाऱ्याला ‘वाशिंदनंतर उतरा’ हे ठीक आहे, पण कसाऱ्याहून येणाऱ्याला तेच सांगितले तर तो आसनगाव मागे टाकून पुढे जाईल!

उपाय सोपा होता, पण सर्वांना तो लागू व्हायला २०२० चा नोव्हेंबर उजाडला. १.४८ या आवृत्तीपासून लेखकाने वाट न लिहिता केवळ नाव लिहावे आणि वाट यंत्राने शोधावी, अशी सोय पक्की झाली. एकाच नावाच्या दोन वस्तू असतील, तर कोणती ते यंत्र विचारते. तिथे ‘व्हेक’ नावाचा एक विभाग आहे आणि त्याच नावाचे एक साधनही आहे. म्हणजे आपल्या दोन शहापुरांचीच गोष्ट. नाव कुठेच सापडले नाही, तर यंत्र इशारा देते. अनेक स्वयंसेवकांनी जुने हाताने लिहिलेले पत्ते एकेक करून काढले आणि त्यांच्या जागी नावे घातली. या कामाला टाळ्या पडत नाहीत. पण रोज कितीतरी लोक त्या वाटांनी जातात.

तथापि यंत्राला एक गोष्ट कळत नाही. ‘चूक झाल्यास काय होते ते तिथे पहा’ असे लिहिले आहे, पान उघडतेही, पण त्या पानावर चुकीविषयी अक्षरही नाही. यंत्राच्या लेखी हा संदर्भ बरोबर! तुटलेली वाट निदान तुटलेली दिसते. भलतीकडे नेणारी वाट दिसत नाही. ती शोधायला वाचकच लागतो.

आणि तो वाचक कोण? पहाटेच्या लोकलमध्ये उभ्याने मोबाईलवर ही विद्या शिकणारा आपल्यातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी. संदर्भ चुकला की त्यांना वाटते, ‘आपल्यालाच समजत नाही.’ ग्रंथाच्या चुकीचा दोष शिकणारा स्वतःवर घेतो. इंग्रजी आधीच परकी, त्यात वाट चुकलेली. अशाने कितीजण मधूनच परतले असतील!

त्या मुलांना आमचे सांगणे आहे. हा ग्रंथ सर्वांना खुला आहे आणि त्यात दुरुस्ती सुचविण्याचा अधिकारही सर्वांना आहे. कोणते पान, कोणता शब्द, तो कुठे नेतो आणि कुठे न्यायला हवा, या चार गोष्टी नीट टिपून पाठवा. त्याआधी तीच चूक शेजारच्या पानांवर आहे का, तेही पहा. ज्याला वाट सापडली नाही, त्यालाच ती कुठे चुकली हे नेमके ठाऊक असते.

आसनगावच्या स्थानकाबाहेर कोणी शहापूरचा रस्ता विचारला, तर आपण नुसता हात हलवीत नाही. दोन पावले बरोबर चालतो आणि नीट दाखवितो. ग्रंथात ‘पहा’ लिहिणाऱ्याकडून आमची याहून अधिक अपेक्षा नाही. दुसऱ्याला ‘पहा’ म्हणण्यापूर्वी त्याने स्वतः तिकडे एकदा पाहिलेले असावे, एवढेच.