आपत्प्रसंगी परिचारिका
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाची संहिता)



जैन परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. परिचारिकेला आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षण देण्यात त्यांपैकी तीन एकत्र येतात. तिला ज्ञान मिळते, रुग्णाला वेळेवर औषध आणि त्याच्या आप्तांना अभय.

पेण व रोहा परिसराला या दानाची निकड मोठी आहे. पेणवरून मुंबई-गोवा महामार्ग जातो, रोह्यालगत धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे भय असते. 5 नोव्हेंबर 1990 रोजी नागोठण्याच्या पेट्रोरसायन संकुलात भीषण स्फोट झाला. 4 मे 2014 रोजी नागोठणे व रोहा यांच्या दरम्यान दिवा-सावंतवाडी गाडी रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक प्रवासी जखमी झाले. अशा वेळी तज्ज्ञ पोहोचेपर्यंत रुग्णाजवळ असते ती परिचारिकाच.

हृदय बंद पडल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. त्या अवधीत प्रौढ रुग्णाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबावी लागते. हे वाचून समजते. परंतु हाताला येते ते पुतळ्यावर पुनःपुन्हा सराव केल्यानेच. सराव सुटला की काही महिन्यांतच हे कौशल्य ओसरते.

घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असल्यास रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही तर विष रक्तात भिनल्याचे कळते. नळी साबणाने धुतलेली असेल तर ही परीक्षा फसवी ठरते. प्रतिविष सुरू केल्यावर एखाद्या रुग्णाला तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते; तेव्हा मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन तत्काळ द्यावे लागते. म्हणून ते आधीच भरून उशाशी ठेवावे, हे प्रशिक्षित परिचारिकेला सांगावे लागत नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवतींना सुरक्षित खोलीत हलवून त्यांचे प्राण रक्षिले. असे धैर्य वंदनीय आहे. तथापि प्रत्येक रुग्णालयाने केवळ धैर्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे. मनात करुणा असूनही सराव नसेल तर ऐन वेळी हात थिजतात.

दानशूर समाजाकडून रुग्णवाहिका मिळते, यंत्रे मिळतात, त्यांवर दात्याचे नाव लागते. प्रशिक्षणावर नाव कोरता येत नाही. कदाचित म्हणूनच ते मागे राहते. त्यासाठी लागतात सरावाचे पुतळे, जाणकार प्रशिक्षक, परिचारिकांना पाळीतून मिळालेली मोकळीक आणि दर सहा महिन्यांनी उजळणी. यांचा वार्षिक भार उचलणे न्यासांना अशक्य नाही.

भगवान महावीरांच्या उपदेशात अप्रमादाला, म्हणजे अखंड सावधानतेला, मोठे स्थान आहे. मध्यरात्री पाळीवर असलेल्या परिचारिकेच्या सिद्ध हातांत तो अप्रमाद उतरावा. सुवर्णमहोत्सवाचा हा संकल्प पेण-रोह्यातील प्रत्येक घराच्या उपयोगी पडेल.

जय जिनेंद्र!