निवृत्त पोस्टमनाची फेरी



ह्या महोत्सवप्रसंगीं आपल्या धर्मग्रामांतील एका निवृत्त पोस्टमनाविषयीं चार शब्द बोलणें आम्ही कर्तव्य समजतों. नांव न घेण्याची त्यांची विनंती आम्ही पाळीत आहों.

आपल्या देशांत पोस्टकार्ड १८७९ सालीं व टपालाची मनीऑर्डर १८८० सालीं सुरू झाली. तारसेवा २०१३ सालीं बंद पडली. पत्रें विरळ झालीं, तरी वाट पाहणारीं माणसें उरलींच. कोणत्या दारीं वर्षानुवर्षें कांहींच येत नसे, हें पोस्टमनाइतकें कोणास ठाऊक? निवृत्तीनंतर ह्या गृहस्थांनीं त्याच दारांची फेरी आरंभिली. वृद्धांचे अर्ज लिहिणें, नोव्हेंबरांत त्यांस हयातीच्या दाखल्यासाठीं नेणें, औषध आणणें, हें सर्व ते करितात. सन १८३३ मध्यें पॅरिस शहरीं विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम ह्यांनीं सोबत्यांसह गरिबांच्या घरीं जाण्याचा जो परिपाठ घातला, तोच हा होय.

आतां त्यांचे गुडघे थकले आहेत. शाल व हार त्यांनीं नाकारले. फेरी पुढें चालविणारा मात्र त्यांस हवा आहे. तरुणांनो, येत्या रविवारीं मिस्सेनंतर त्यांस भेटा. दारांची यादी त्यांनीं लिहून ठेविली आहे.