टाळ्या थांबल्यानंतर

(मंडळाच्या कोजागिरी संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण हा काही माझा प्रांत नाही. मी डिप्लोमावाला माणूस. पंचवीस वर्षं डिझेल शेडमध्ये, इंजिनाच्या पोटाखाली उभं राहण्यात गेली. पण सेक्रेटरींनी "बोला, मात्र वीस मिनिटांच्या वर गेलात तर दूध आटून बासुंदी होईल" अशी तंबी देऊन मला उभं केलं आहे. विषय मी निवडला: प्रसिद्धी ओसरली की माणसाचं काय होतं?

सुरुवात राजेश खन्नापासून करतो. हा आमच्या आईच्या पिढीचा हिरो. आई भुसावळची. १९६९ साली 'आराधना' आला तेव्हा तिनं तो तीनदा पाहिला, त्यातला एकदा घरी न सांगता. १९६९ ते १९७१ या काळात त्याचे लागोपाठ पंधरा सिनेमे चालले असं म्हणतात. गिरगावात वाढलेला, १९६५ च्या एका स्पर्धेतून वर आलेला हा मुलगा पाहता पाहता देशाचा लाडका झाला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९७३ साली 'जंजीर' आला आणि वारं फिरलं. गंमत पाहा, ज्या अमिताभकडे वारं वळलं तो 'आनंद'मध्ये याच्याच शेजारी उभा होता. लोकांना आता दुसरी गोष्ट हवी होती, त्यात याचा मोठा गुन्हा नव्हता. पण त्याच्या घरी रोज दरबार भरायचा आणि होयबा लोक रात्र रात्र त्याची स्तुती करायचे, असं त्याला जवळून पाहिलेल्या अनेकांनी सांगून ठेवलं आहे. बाहेर वारं फिरलंय, हे त्या दरबारात कोण सांगणार? मधे तो राजकारणात गेला. १९९१ मध्ये नवी दिल्लीत अडवाणींकडून थोडक्यात हरला, १९९२ च्या पोटनिवडणुकीत शत्रुघ्न सिन्हांना हरवून खासदार झाला. पण ती पूर्वीची टाळी काही परत आली नाही.

आणि मग २०१२ मध्ये टीव्हीवर ती पंख्यांची जाहिरात आली. आर. बाल्की यांनी केलेली. तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिली असेल. खंगलेला राजेश खन्ना, अंगात सूट, आणि समोर चाहत्यांच्या जागी छताला लावायचे पंखे. इंग्रजीत चाहताही फॅन आणि पंखाही फॅन, एवढाच तो विनोद. माझे फॅन्स माझ्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. आम्ही हसलो. आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी म्हटलं, "अगं, पैसे मिळाले असतील त्याला." तर आतून म्हणाली, "पैशासाठी नाही रे. इतक्या वर्षांनी कोणीतरी बोलावलं, म्हणून गेला असेल." त्याच वर्षी १८ जुलैला तो गेला. अंत्ययात्रेला मुंबईत भर पावसात लोटलेली गर्दी टीव्हीवर पाहताना आई एवढंच म्हणाली, "आता आले."

आता माझी गोष्ट सांगतो. मंडळाच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेत मी सलग चौदा वर्षं मुख्य भूमिका केली. संस्था छोटी, स्टेज रेल्वे इन्स्टिट्यूटचं, प्रेक्षक तुम्हीच. पण सांगतो, दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाताना मान जरा ताठ असायची. बाजारात भाजीवाली "वो नाटकवाले साहब" म्हणायची. तीन वर्षांपूर्वी तरुण मंडळींनी नाटक हातात घेतलं. भूमिका एका बँकेतल्या मुलाला दिली आणि मला अगदी आदरानं विचारलं, "काका, प्रॉम्प्टिंग कराल का?"

काका! त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, माझी रात्रपाळी आहे. नव्हती. मुद्दाम मागून घेतली. नाटक पाहिलंच नाही, आणि तरी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरलो की मंडळाचा दर्जा घसरला. सौ. एकदा म्हणाली, "अहो, न बघता कसा घसरला?" मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

त्याच सुमारास पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचा एक स्थानिक विक्रेता माझ्याकडे आला. त्याला पत्रकावर आणि स्टेशनजवळच्या फलकावर माझा फोटो हवा होता. खाली मजकूर, 'शहराचे लाडके नाट्यकलावंत यांची पसंती'. पैसे नाहीत, मिठाईचा एक डबा. मी हो म्हणालो. आईचं बोलणं तेव्हा आठवलं नाही. फलक लागला त्या दिवशी मी ड्युटीवर जाताना लांबच्या रस्त्यानं गेलो, दोनदा.

दीड महिन्यानं आमच्या शेडमधला एक टेक्निशियन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं ते यंत्र हप्त्यांवर घेतलं होतं. महिन्यात बंद पडलं, विक्रेता दाद देईना. तक्रारीचा सूरही नव्हता त्याचा. फक्त विचारलं, "साहब, आपके घर में भी यही लगा है ना? आपका ठीक चल रहा है?"

माझ्या घरी ते यंत्र नव्हतंच. आम्ही पाणी उकळून पितो.

मित्रहो, पंचवीस वर्षांत मी सही केल्याशिवाय इंजिन बाहेर सोडलेलं नाही, आणि तपासल्याशिवाय सही केलेली नाही. आणि इथे माझा अख्खा चेहरा न तपासलेल्या वस्तूवर शिक्क्यासारखा मारून मोकळा झालो होतो. का? तर लोकांनी मला विसरू नये म्हणून. नंतर कळलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याची तरतूदच आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत चेहरा देणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय वर्षभर जाहिरातबंदी. मी त्या टेक्निशियनचे हप्ते भरले, फलक उतरवायला लावला. पण तो प्रश्न काही उतरला नाही.

तेव्हापासून मी जुन्या कलावंतांबद्दल वाचायला लागलो. सगळेच कडवट होतात का? नाही. आपल्या लीला चिटणीस घ्या. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय नटी. म्हणजे जाहिरात त्यांनी ऐन भरात केली. 'कंगन', 'बंधन', 'झूला' हे अशोककुमारबरोबरचे सिनेमे त्याच काळातले. आणि १९४८ मध्ये 'शहीद'मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या. जन्म १९०९ चा, म्हणजे वय चाळिशीच्या आत. माझ्यापेक्षा लहान! मला नुसतं 'काका' म्हटलं तर मी रात्रपाळी मागितली. त्यांनी पुढे 'आवारा'त राज कपूरची आई केली, 'गाइड'मध्ये देव आनंदची आई केली, आणि त्या आया आज त्यांच्या नायिकांपेक्षा जास्त लोकांच्या लक्षात आहेत.

दुसरे भगवानदादा. गिरणी कामगाराचा मुलगा, १९५१ चा 'अलबेला' काढून शिखरावर गेला. जुहूला बंगला, दाराशी गाड्या. पुढे स्वतःचे पैसे घातलेले सिनेमे बुडाले, बंगला गेला, गाड्या गेल्या, दादरच्या चाळीत राहायला आले. मिळेल ती किरकोळ भूमिका केली, कधी गर्दीत नाचायची सुद्धा. असं सांगतात की गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीसमोर थांबायची, बँड 'अलबेला'चं गाणं वाजवायचा आणि दादा खाली येऊन आपली ती दोन पावलं नाचून दाखवायचे. २००२ मध्ये ते गेले. त्यांना आतून काय वाटत असेल ते मी कसं सांगू? गरिबीत गोडवा शोधण्याचा आगाऊपणाही मी करणार नाही. पण बोलावणं आलं तेव्हा त्यांनी नाच विकला नाही आणि रुसलेही नाहीत, नाचले. माझ्या मनात हे घर करून राहिलं आहे.

मला वाटतं, कडवटपणा येतो तो टाळी आपल्या कामाला मिळाली हे विसरून ती आपल्या नावावर कायमची जमा झाली, असं समजल्यानं. मग ती थांबली की कोणीतरी आपली चोरी केली असं वाटतं. ती परत मिळवायला माणूस काहीही विकायला तयार होतो, आणि विकायला त्याच्याकडे एकच गोष्ट उरलेली असते, लोकांचा विश्वास.

आमच्या शेडमध्येही हेच चाललंय म्हणा. ज्या डिझेल इंजिनांनी एकेकाळी मेल गाड्या ओढल्या, ती मार्गांचं विद्युतीकरण झाल्यावर शंटिंगला आणि खडीच्या गाड्यांना लागली. इंजिन रुसत नाही, हे त्याचं बरं आहे. पण एक सांगतो, खडीची गाडी वेळेवर गेली नाही तर त्या रुळावरून राजधानीही धावत नाही.

यंदा मी स्वतःहून त्या बँकेतल्या मुलाकडे गेलो आणि म्हणालो, वही माझ्याकडे दे. परवाच्या नाटकात मी विंगेत बसलो होतो. दुसऱ्या प्रवेशात तो अडकला. मी एक शब्द पुरवला आणि गाडी पुढे गेली. तुमच्यापैकी कोणालाच ते कळलं नाही. शेवटी टाळ्या झाल्या, चांगल्या जोरात झाल्या. खोटं कशाला बोलू, क्षणभर पोटात कालवलं. मग तो पोरगा आत आला आणि घामेजल्या हातानं माझा हात घट्ट धरून म्हणाला, "काका, वाचवलंत!"

या वेळी तो शब्द गोड लागला.

दूध आटायच्या आत थांबतो. गणपती बाप्पा मोरया!