ढोलीतील संसार



पक्ष्यांच्या अपत्यसंगोपनाचा पाठ घेताना पेंग्विनचे उदाहरण बहुधा दिले जाते. दक्षिण ध्रुवाकडील बर्फावर सम्राट पेंग्विनची मादी एकच अंडे घालते व अन्नासाठी समुद्राकडे जाते. नर ते अंडे आपल्या पायांवर घेतो, पोटाखालच्या कातडीच्या घडीने झाकतो आणि अन्नाचा कणही न घेता सुमारे दोन महिने बोचऱ्या थंडीत ते उबवितो. मुले हे ऐकून थक्क होतात. परंतु असाच निष्ठावान पिता कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील रानात आहे, हे त्यांना क्वचितच ठाऊक असते. तो पिता म्हणजे धनेश पक्षी.

राधानगरी-दाजीपूरचे रान पूर्वी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९५८ साली ते गव्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथे आणि सह्याद्रीच्या इतर दाट रानांत धनेश आढळतो. त्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुन्या, उंच वृक्षाची आयती ढोली तो शोधतो. उन्हाळ्याच्या तोंडी मादी आत शिरते आणि विष्ठा व फळांचा गर यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच बाहेर काढता येईल एवढीच फट उरते. शत्रूचे भय टळते. पण मादी बंदिवान होते. याच काळात तिच्या पंखांची पिसे झडतात आणि काही दिवस तिला उडताही येत नाही.

आता सारा भार नरावर पडतो. वड, उंबर, नांद्रूक यांची फळे गळ्यात साठवून तो दिवसातून अनेकदा येतो आणि एकेक फळ फटीतून मादीच्या चोचीत देतो. महाधनेश या सर्वांत मोठ्या जातीत अंडी एक किंवा दोनच असतात व ती फुटण्यास सुमारे चाळीस दिवस लागतात. पिलू निघाल्यावर नर सरडे, किडेही आणतो. पिलू निम्मेअधिक वाढले की महाधनेशाची मादी लिंपण फोडून बाहेर येते. आतले पिलू फट पुन्हा लिंपून घेते आणि मग आईबाप दोघेही त्याला भरवितात.

या व्यवस्थेतच तिचा धोका आहे. नर मारला गेला, तर आतल्या जिवांवर उपासमारीची पाळी येते. जुना वृक्ष तोडला, तर ढोलीच नाहीशी होते. धनेशाच्या तेलाने सांधेदुखी बरी होते, या खुळ्या समजुतीपायीही त्याचा बळी जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याची शिकार हा गुन्हा आहे. शिवाय खाल्लेल्या फळांच्या बिया तो दूरवर टाकतो. म्हणजे तो रान राखणाराही आहे.

शिक्षकांना यात पुष्कळ करता येईल. गावाच्या शिवारातील ढोली असलेल्या जुन्या वृक्षांची यादी मुलांकडून करवावी. ढोलीत हात घालू नये, घरट्याजवळ गर्दी करू नये, लांबूनच पाहावे, हे आधी शिकवावे. एखाद्याच्या खिशात बेचकी असेल, तर ती केवळ हिसकावून न घेता त्याला बंद ढोलीची ही हकीकत सांगावी. बाहेर गेलेल्या बापाची वाट पाहणे म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही.