विजयाला तीन गुण

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि बजावलं, "काहीही बोल, पण कंप्युटरवर नको." म्हणून आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. शाळेत मला चेंडू धड लाथाडता येत नव्हता, हे मागच्या रांगेतून कोणी ओरडण्याआधी मीच सांगून टाकते.

ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं नसेल. पण त्याने रुजवलेला एक आकडा तुम्ही टीव्हीवर शेकडो वेळा पाहिला आहे. फुटबॉलच्या लीगमध्ये सामना जिंकला की तीन गुण, बरोबरीला एक, हरलं तर शून्य. आपल्या आयएसएलच्या तक्त्यात एफसी गोवा आणि मुंबई सिटी यांचे गुणही असेच मोजतात. आपल्याला वाटतं, हे पहिल्यापासून असंच असणार. तसं नाही. इंग्लंडमध्ये 1981 पर्यंत विजयाला दोनच गुण होते. दोनाचे तीन व्हावेत म्हणून ज्यांनी सर्वांत जास्त खटपट केली, ते जिमी हिल. कॉव्हेंट्री सिटी आणि पुढे फुलम या दोन क्लबांचे ते अध्यक्ष होते.

हिल यांचा जन्म 1928 चा, लंडनचा. ब्रेंटफर्ड आणि फुलमकडून ते खेळले, पण खेळाडू म्हणून फार गाजले नाहीत. त्या काळी इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगाराला वरची मर्यादा होती. मैदान प्रेक्षकांनी तुडुंब भरलं तरी आठवड्याला फार तर वीस पौंड. 1957 मध्ये हिल खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष झाले, संपाची तयारी केली, आणि जानेवारी 1961 मध्ये ती मर्यादा रद्द झाली. त्यांचाच फुलममधला सहकारी जॉनी हेन्स लगेच आठवड्याला शंभर पौंड मिळवणारा पहिला खेळाडू झाला. हिल यांना स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण त्याच वर्षी त्यांचं खेळणं संपलं.

त्यानंतर ते कॉव्हेंट्रीचे मॅनेजर झाले. क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. त्यांनी संघाला आकाशी निळा पोशाख दिला, क्लबचं गाणं तयार केलं, बाहेरगावच्या सामन्यांसाठी खास रेल्वेगाड्या सोडल्या. सहा वर्षांत संघ पहिल्या श्रेणीत पोहोचला. पुढे टीव्हीवर तज्ज्ञ मंडळींना बसवून सामन्याची चिरफाड करायची पद्धत रुजवण्यातही त्यांचा मोठा हात होता. 1972 मध्ये आर्सेनल आणि लिव्हरपूलच्या सामन्यात लाइन्समन जखमी झाला, तेव्हा प्रेक्षकांत बसलेले हिल खाली उतरले आणि झेंडा घेऊन उभे राहिले. रेफ्रीची परीक्षा त्यांनी आधीच दिलेली होती!

त्यांनी यंत्र एकही बनवलं नाही. तरी मी त्यांना संशोधकच म्हणते. आता त्या तीन गुणांचं गणित बघा. विजयाला दोन आणि बरोबरीला एक असेल, तर दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय. सामना बरोबरीत आहे, दहा मिनिटं उरलीत. जिंकायला गेलात तर एक गुण जास्त मिळेल, अंगाशी आलं तर हातातला एक जाईल. मग कोण कशाला धोका पत्करेल? सगळे मागे उभे राहणार. आता विजयाला तीन करा. गमावण्यासारखा तोच एक गुण, पण कमावण्यासारखे दोन. नियमात फक्त एक आकडा बदलला. आधी 1973 पासून इस्थमियन लीग या हौशी स्पर्धेत तो वापरून पाहिला, 1981 मध्ये इंग्लंडच्या मुख्य लीगने घेतला आणि 1994 मध्ये विश्वचषकाने.

इथे थांबले असते तर भाषण गोड झालं असतं. पण याच माणसाची दुसरी गोष्टही सांगायला हवी.

मे 1977. हंगामाचा शेवटचा दिवस. कॉव्हेंट्री, ब्रिस्टल सिटी आणि संडरलँड या तिघांवर खालच्या श्रेणीत जाण्याची टांगती तलवार. कॉव्हेंट्री आणि ब्रिस्टल आपसांत खेळत होते, संडरलँडचा सामना दूर एव्हर्टनशी होता. गर्दीच्या कारणाने कॉव्हेंट्रीचा सामना काही मिनिटं उशिरा सुरू झाला. इकडे 2-2 अशी बरोबरी असताना तिकडे संडरलँड हरल्याचा निकाल आला, आणि क्लबचा कारभार पाहणाऱ्या हिल यांनी तो मैदानावरच्या फलकावर झळकवला. आता बरोबरी झाली तर दोघेही वाचणार होते. उरलेली मिनिटं दोन्ही संघ चेंडू नुसता इकडून तिकडे देत राहिले. संडरलँड खाली गेलं. चौकशी झाली, ठपका आला, निकाल मात्र तोच राहिला. तीस वर्षांनंतरही संडरलँडचे पाठीराखे हिल दिसले की हुर्यो करत.

मला यात जे दिसतं ते असं. विजयाला तीन गुण असते तरी त्या संध्याकाळी तेच घडलं असतं, कारण दोघांना एकच गुण पुरत होता. माणसं नियमाच्या हेतूप्रमाणे वागत नाहीत, नियमातल्या आकड्याप्रमाणे वागतात. स्पेनमध्ये 1995 साली तीन गुण लागू झाले, तेव्हा गारिकानो आणि पालासिओस-हुएर्ता या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. आक्रमण वाढलं, पण आघाडी टिकवण्यासाठी बचावपटू उतरवणं आणि पाडापाडीही वाढली. गोल मात्र जवळपास तेवढेच राहिले.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून बोलत नाही. माझ्या टीमसाठी मीच एकदा नियम केला होता: बंद केलेल्या प्रत्येक तक्रारीला एक गुण. दोन महिन्यांत तक्रारी भराभर बंद होऊ लागल्या. मी खूश! मग कळलं, एकाच बिघाडाच्या चार तक्रारी नोंदवून चार गुण घेतले जात होते, आणि ज्या कामाला आठवडा लागेल त्याला कोणी हात लावत नव्हतं. मुलं लबाड नव्हती. आकडा मी चुकीचा लिहिला होता. मी तो नियम मागे घेतला आणि सगळ्यांसमोर तसं सांगितलं. ते सांगणं नियम करण्यापेक्षा कितीतरी जड गेलं.

हिल यांची एक कल्पना तर त्यांच्याच हयातीत आधी फसली आणि मग खरी ठरली. 1981 मध्ये त्यांनी कॉव्हेंट्रीच्या मैदानात सगळीकडे खुर्च्या बसवल्या, इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच. उभं राहून सामना बघणारे लोक चिडले, खुर्च्या उखडल्या गेल्या, आणि पुढे काही भागात उभं राहायची जागा परत द्यावी लागली. 1989 मध्ये हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीची दुर्घटना झाली, 97 जीव गेले, आणि त्यानंतर मोठ्या क्लबांना खुर्च्या बसवणं सक्तीचं झालं. फुलमचा अध्यक्ष असताना त्यांनी तो क्लब शेजारच्या क्लबात विलीन होण्यापासून वाचवला. 2015 मध्ये अल्झायमरने ते गेले. कॉव्हेंट्रीचं ते जुनं मैदान आता नाही, तिथे घरं आहेत. तीन गुण मात्र रोज कुठल्या ना कुठल्या देशात दिले जात आहेत, आणि देणाऱ्याला त्यांचं नावही माहीत नसतं.

शेवटी एकच. आपल्या गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुमचा नियम आठवतो? पाच गुणांच्या उदाहरणात नुसतं बरोबर उत्तर लिहिलं तर एक गुण. उत्तर चुकलं, पण पायऱ्या नीट असल्या, तर चार. आम्ही तेव्हा कुरकुर केली. पुस्तकामागची उत्तरं पाठ करून काहीच हाती लागेना, म्हणून नाइलाजाने पायऱ्या शिकलो. काही जण गुणांसाठी उगाच पान-पान पायऱ्या लिहायचे, त्यातली एक आत्ता तुमच्यासमोर बोलते आहे.

आज माझ्या टीममधल्या मुलांना मी विचारते, "उत्तर राहू दे, पायऱ्या दाखव." हा नियम कुठून आला, ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून आज इथे सांगून टाकलं.