एकविसावा दिवस



सातवीत कवायतीला मी बाकावर बसून असायचे. तुम्ही मला ‘म्हातारी’ म्हणायचात, आठवतं? घसा दुखून बरा झाला आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप आला. आधी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा. घरी वाटलं, वाढीचं दुखणं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, हा संधिवाताचा ताप. घशातल्या जंतूशी लढताना शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं. सांधे सुटतात, हृदयाची झडप कायमची बिघडू शकते.

ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. आई कालनिर्णयवर लाल खूण करायची आणि मूलहून एसटीने न्यायची. एकदा धानाच्या रोवणीत दोन खेपा चुकल्या. ताप परतला, झडप थोडी गळकी झाली, ती आजही आहे. आज मी संगणकाला आठवण करून द्यायला शिकवते. पण आईइतका पक्का प्रोग्राम मला अजून लिहिता आलेला नाही.

आपल्यातले कितीतरी जण चंद्रपूर-गडचिरोलीत शिक्षक आहेत. 5 ते 15 वर्षांच्या मुलाचे सांधे आलटून-पालटून दुखले, धाप लागली, तर त्याला आळशी म्हणू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना दाखवा. आणि इंजेक्शन सुरू असेल, तर एकविसावा दिवस चुकू देऊ नका.